पहिला बर्फ पडल्यावर स्नोमोबिलच्या (बर्फावर चालणाऱ्या गाड्यांच्या) वाटा ग्रूमरने (बर्फ सपाट करणाऱ्या यंत्राने) लगेच सपाट का करत नाहीत?

कारण सुरुवातीच्या पातळ बर्फाला घासणीची नाही, दाबणीची गरज असते. भुसभुशीत ताजा बर्फ म्हणजे जमिनीवर टाकलेली गोधडीच. त्यात अडकलेली हवा जमिनीची ऊब धरून ठेवते आणि खालचा चिखल आठवडेच्या आठवडे गोठत नाही. हलक्या रोलरने किंवा नुसत्या स्नोमोबिलच्या फेऱ्यांनी बर्फ दाबला की हवा निघून जाते, थंडी खाली उतरते आणि जमीन कडक होते. पुढचा सगळा हंगाम याच पायावर उभा राहतो. या वेळी जड ड्रॅगची (ट्रॅक्टरमागे ओढायच्या, बर्फ घासणाऱ्या चौकटीची) पाती खाली टाकली तर दगड आणि झाडांचे बुंधे आधी पात्यांची वाट लावतात. त्यात बर्फात माती मिसळते, आणि गडद माती ऊन शोषत असल्यामुळे नेमका तोच भाग आधी वितळतो.

काम शक्यतो रात्री करतात. तापमान उतरलेलं असतं, शिवाय दाबलेले कण एकमेकांना धरायला काही तास लागतात. तेवढ्यात कोणी गाडी घातली तर मेहनत फुकट (आणि कोणीतरी घालतोच).

मात्र दलदल, ओढे, तळी यांना हा नियम जसाच्या तसा लावू नका. तिथे खालचा थर पक्का गोठल्याची खात्री होईपर्यंत जड ट्रॅक्टर नेतच नाहीत. आणि वाट तयार दिसली म्हणून ती खुली झाली असंही नसतं. उदाहरणार्थ, अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये स्नोमोबिलच्या वाटांचा अधिकृत हंगाम १ डिसेंबर ते ३१ मार्च असा असतो.