स्वालबार्डला जायचं म्हणतोस, तर रेनडिअरपासून सुरुवात कर

स्वालबार्ड ही नॉर्वेची आर्क्टिकमधली बेटं. तिथल्या प्राण्यांवर संशोधन करायचं, तर ध्रुवीय अस्वलाचा विषय आत्ता बाजूला ठेव. त्याला खास परवानग्या, हेलिकॉप्टर, मोठा गट लागतो. नव्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातलं ते काम नाही. रेनडिअर घे. लाँगइअरब्येन या तिथल्या मुख्य वस्तीजवळच्या आडवेंटडालेन खोऱ्यात त्यांची मोजणी १९७९ पासून होतेय. इतकी सलग नोंद आर्क्टिकमध्ये सहजासहजी मिळत नाही.

त्या नोंदी हवामानाच्या आकड्यांशेजारी ठेवून वाच. खरा विषय तिथेच आहे. ऐन हिवाळ्यात बर्फावर पाऊस पडला की पाणी झिरपून जमिनीलगत गोठतं आणि खालचं गवत, शेवाळ त्या टणक थराखाली कोंडलं जातं. रेनडिअर खुरांनी उकरत राहतं, थर फुटत नाही. अशा वर्षी कितीतरी जनावरं उपासमारीने मरतात. आर्क्टिक कोल्ह्याचं मात्र त्या मढ्यांवर फावतं; त्याची संख्या घटते ती पुढच्या वर्षी, मढी कमी मिळू लागल्यावर. म्हणून कितीही घाई असली तरी एका हंगामावरून निष्कर्ष काढू नकोस.

भारतातून जायचं तर गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे प्रस्ताव पाठव. आपलं 'हिमाद्री' केंद्र २००८ पासून स्वालबार्डमधल्याच न्यू-ऑलेसुंड या संशोधन-वस्तीत आहे. तिथे रेडिओ शांतता पाळतात, म्हणजे रेडिओ लहरी सोडणारी उपकरणं वापरत नाहीत; त्यामुळे वायफाय-ब्लूटूथवर चालणारी उपकरणं नेऊच नकोस. उन्हाळ्यात सुरय पक्ष्यांच्या घरट्यांजवळून जाताना काठी डोक्याच्या वर धर; ते सर्वांत उंच टोकावर चोच मारतात. आणि ध्रुवीय अस्वलांचा धोका असतो, म्हणून बंदूक चालवता येणारा सोबती असल्याशिवाय वस्तीबाहेर पाऊल टाकू नकोस.