टोमॅटोचा शेंडा पिवळा पडलाय, आता कुठला स्प्रे मारू?

एका दादांनी टोमॅटोचा फोटो पाठवलाय, लागवडीला ३५ दिवस झाले, शेंडा पिवळा पडला म्हणून युरिया सोडला, मग मायक्रोन्यूट्रियंट मिक्सचे दोन स्प्रे झाले तरी फरक नाही, आता तिसरा कुठला मारू विचारतायत. दादा थांबा, अजून काही मारू नका. फोटो मोठा करून बघा, पिवळी आहेत ती वरची कोवळी पानं आणि शिरा मात्र हिरव्यागार, जाळी काढल्यासारख्या. ही लोहाची कमतरता. नत्र (नायट्रोजन, जे युरियातून मिळतं) कमी असतं तर खालची जुनी पानं आधी पिवळी पडली असती, ती तर तुमची चांगली हिरवी आहेत, युरियाची गरजच नव्हती.

लोह जमिनीत नसतं असं नाही हो, भरपूर असतं, पण चुनखडीच्या जमिनीत सामू (पीएच) ८ च्या वर गेला की पिकाला उचलता येत नाही, त्यात तुम्ही ड्रिप रोज तीन तास चालवताय म्हणजे मुळाशी हवाच नाही. आधी पाणी तोडा, वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ओलसर पण मोकळी होऊ द्या. मग १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, संध्याकाळी, आणि फक्त दोन ओळींवर मारा, आठवड्यात त्या ओळींची नवीन पानं हिरवी दिसली तरच बाकी प्लॉट घ्या. हिराकस हिरवट खड्याचं घ्या, तांबूस पडलेलं काही कामाचं नाही. ड्रिपमधून चिलेट, म्हणजे लोह धरून ठेवून पिकाला मिळेल असं ठेवणारं खत, द्यायचं तर अशा जमिनीत त्यातला ईडीटीए प्रकार टिकत नाही, ईडीडीएचए प्रकार लागतो.

एका ताईंचा फ्लॉवर वरून छान पण कापला की दांडा पोकळ आणि आत तपकिरी. ताई, हे बोरॉन कमी पडल्याचं दिसतंय, पण गड्डा भरल्यावर आता फवारून तो सुधारणार नाही हे स्पष्ट सांगतो. पुढच्या लागणीला गड्डा धरायच्या आधी बोरॅक्स १० लिटरला २० ग्रॅम, कोमट पाण्यात नीट विरघळवून. जास्त मात्र करू नका, बोरॉनमध्ये कमी आणि जास्त यातलं अंतर फार थोडं असतं, पानांच्या कडा करपतात.

झिंक सल्फेट डीएपीत (नत्र-स्फुरदाचं खत) मिसळून टाकू का असंही विचारलंय. नको, जस्त (झिंक) आणि स्फुरद (फॉस्फरस) एकमेकांना धरून बसतात, मग दोन्हीतलं पिकाला नीट मिळत नाही, झिंक शेणखतात मिसळून वेगळं द्या.

आणि उत्पादन किती वाढेल हा प्रश्न सगळ्यांचाच असतो. जे कमी होतं ते दिलं तर फूलगळ थांबते, फळ भरतं, फरक डोळ्याला दिसतो, पण कमी नसताना कितीही ओता, काही वाढत नाही. माती परीक्षणात जस्त ०.६ पीपीएमच्या खाली किंवा लोह ४.५ च्या खाली असेल तर द्यायचंच. दादा, तुमचा रिपोर्ट दोन वर्षांपूर्वीचा आहे, नवीन काढून पाठवा, मग पुढचा डोस ठरवू.