नेमसर्व्हर बदलल्यावर साइट चालू, पण ईमेल बंद. असं का होतं?

तुम्ही लिहिलंय की साइट नव्या होस्टिंगवर नेली, त्यांनी दिलेले दोन नेमसर्व्हर टाकले, साइट व्यवस्थित उघडते, पण कालपासून ऑफिसच्या आयडीवर मेल येत नाही. हाच घोळ मी मेव्हण्याच्या दुकानाच्या डोमेनवर स्वतःच्या हाताने घातला होता.

नेमसर्व्हर म्हणजे तुमच्या डोमेनची वही सांभाळणारा. साइट कुठल्या आयपीवर, म्हणजे इंटरनेटवरच्या आकडी पत्त्यावर आहे ही त्या वहीतली एक ओळ, ए रेकॉर्ड. मेल कुणाकडे द्यायचा ही वेगळी ओळ, एमएक्स. नेमसर्व्हर बदलला की एखादी ओळ नाही, अख्खी वहीच बदलते. नव्या होस्टिंगवाल्याने साइटची ओळ आपणहून भरली. तुमचा मेल दुसरीकडे आहे हे त्याला कोण सांगणार?

गंमत म्हणजे एमएक्स नसला तरी पाठवणारा सर्व्हर गप्प बसत नाही, ए रेकॉर्डच्याच पत्त्यावर मेल देऊन बघतो. काही होस्टिंग पॅनल तर एमएक्समध्ये स्वतःचंच नाव टाकून ठेवतात. मेव्हण्याचे मेल असेच वेबसर्व्हरच्या दारात गेले आणि ‘असा कुणी इथे राहत नाही’ म्हणून परत फिरले. त्याला कळलं कधी, तर पार्टीने फोन करून विचारलं, ‘ऑर्डर पाठवतोय, परत का येतेय?’

आणि हे सगळ्यांचं एकदम होत नाही. डॉट कॉमच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सगळ्या डॉट कॉम नावांच्या मुख्य नोंदवहीत, नेमसर्व्हरच्या नोंदीचा टीटीएल (उत्तर किती वेळ साठवून ठेवायचं ती मुदत) १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस असतो. तोवर कुणाकुणाकडे जुनंच उत्तर साठवलेलं असतं, म्हणून काहींचे मेल पोचतात आणि आपण उगाच मोबाइलवर संशय घेत बसतो.

आता नव्या होस्टिंगच्या डीएनएस पानावर, म्हणजे जिथे ही वही दिसते तिथे जाऊन मेल कंपनीने दिलेले एमएक्स भरा, पॅनलने टाकलेला असेल तो काढा. एमएक्सपुढचा आकडा जितका लहान, तितका तो सर्व्हर आधी. एसपीएफ आणि डीकेआयएमच्या टीएक्सटी ओळी, म्हणजे मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या मजकुराच्या नोंदी, विसरू नका, नाहीतर तुम्ही पाठवलेले मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये जातील. जुन्या ओळी हाताशी नसतील तर एनएसलुकअपला (कॉम्प्युटरवरची डीएनएस नोंदी विचारायची कमांड) शेवटी जुन्या नेमसर्व्हरचं नाव देऊन विचारा. खातं बंद केलं नसेल तर जुनी वही बहुधा अजून तिथेच असते.

परत गेलेले मेल मात्र आपोआप येणार नाहीत, ते लोकांना पुन्हा पाठवायला सांगावे लागतील. आणि फक्त साइटच हलवायची होती ना? मग नेमसर्व्हरला हात न लावता ए रेकॉर्ड बदलला असता तरी भागलं असतं.