युद्धावरच्या प्रत्यक्षदर्शी लिखाणात लढणाऱ्या बायका खऱ्या दिसतात, की त्यांच्या देव्या करून ठेवतात? वाचायला सुरुवात कुठून करू?

जो तेव्हा तिथे होता त्याने लिहिलं असेल तर बाई बाईसारखी दिसते. देवी करतात ते नंतरचे लोक. सुरुवात गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’पासून करा, 1857 च्या बंडाच्या त्यांच्या आठवणी आहेत, बाकीचं मागाहून.

एवढ्या तावातावाने सांगतेय कारण मागे सोसायटीच्या गणपतीत भाचीने झाशीच्या राणीचं एकपात्री करायचं ठरवलं आणि स्क्रिप्ट आली माझ्या गळ्यात. म्हटलं तलवार आणि पाठीला बांधलेलं पोर दरवर्षी कोणी ना कोणी करतंच, आपण विहिरीचा प्रसंग घेऊ. झाशी पडल्यावर काळपीच्या वाटेवर गोडशांना राणी भेटते तो. पठाणी पोशाख, अंगभर धूळ, तोंड उतरलेलं, तहानेने जीव कासावीस. भटजी ओळखतात, मडकं घेऊन पाणी शेंदायला पुढे होतात तर ती अडवते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, मी काढते. आणि मातीच्या भांड्यातलं पाणी ओंजळीने पिते. मग म्हणते की मला विधवेला अर्धा शेर तांदूळ पुरे होते, या भानगडीत पडायची गरज नव्हती, धर्माच्या अभिमानाने पडले पण ईश्वर काही यश देत नाही.

तालमीला आमचे दाजी आले, ते कमिटीत. ऐकलं आणि उखडलेच. हरलेली राणी दाखवून पोरांना काय शिकवणार म्हणे, आणि हा गोडसे कोण, दक्षिणेसाठी गेलेला भिक्षुक, त्याला लढाईतलं काय कळतंय! अहो म्हणूनच तर माझा त्याच्यावर विश्वास आहे ना. वरसईचा माणूस, घरात कर्ज, मथुरेला यज्ञ आहे कळलं म्हणून काकांबरोबर निघाला आणि 1858 च्या वेढ्यात झाशीतच अडकला. त्याला ना कोणाची आरती ओवाळायची होती ना कोणाला पाडायचं होतं. राणी मल्लखांब करते, घोड्यावर बसून घोडा पारखते हे तो ज्या सुरात सांगतो त्याच सुरात तिची पूजाअर्चाही सांगतो. विहिरीवर पठाणी कपड्यातली बाई ब्राह्मणाचा मान सांभाळते हे त्याला विचित्र वाटत नाही, विचित्र वाटतं ते आपल्याला. दाजींना तिची तहान नको असते आणि माझ्या काही मैत्रिणींना तिचं सोवळं नको असतं.

शेवटी विहीर कापली. भाची स्टेजवर ‘मेरी झाँसी नहीं दूँगी’ ओरडली, तेही हिंदीत, मराठी राणी!

असो. झाशीत ती एकटी लढत नव्हती, वेढा घालणाऱ्या इंग्रज सेनापती ह्यू रोझनेच नोंदवून ठेवलंय की तोफांच्या मोर्चांवर बायका काम करताना, दारूगोळा पोचवताना दिसत होत्या. पण त्या नोंदीतच राहिल्या, त्यांना नंतर कोणी जाऊन विचारलं नाही. सोव्हिएत युनियनमध्ये विचारलं. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्यात आठ लाखांच्या आसपास बायका होत्या, आणि बेलारूसची पत्रकार स्वेतलाना अलेक्सिएविच टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. पुस्तक, इंग्रजीत ‘द अनवुमनली फेस ऑफ वॉर’, 1985 मध्ये आलं, सेन्सॉरने बरंच कापून. पुरुषांच्या चड्ड्या घालून युद्ध काढलं हे त्या बायका सांगतात. आणि एक नवरा तर मुलाखतीच्या आदल्या रात्री बायकोकडून युद्धाचा इतिहास घोटून घेतो, नीट सांग, रडगाणी नकोत म्हणून. म्हणजे दाजी तिकडेही आहेत.

हां, एक सांगायचं राहिलं. गोडशांनी हे सगळं पंचवीसेक वर्षांनी आठवून लिहिलं, आणि ग्वाल्हेरला राणी पडली तेव्हा ते तिथे नव्हते, त्यामुळे तो भाग ऐकीव धरा. 1907 ला चिंतामणराव वैद्यांनी छापलं तेव्हा भाषेवर बराच हात फिरवला. मूळ हस्तलिखिताबरहुकूम दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये काढलं, लायब्ररीत तेच मागा. दाजींनी विहिरीचा प्रसंग यातलं काहीच न वाचता कापलाय, हे मी त्यांच्या तोंडावर विचारून घेतलंय.