स्टॉकहोमचा हिवाळा आणि ऑफिसनंतरची संध्याकाळ

तुझा प्रश्न मी पुन्हा पुन्हा वाचला. नोव्हेंबरात स्टॉकहोमला जॉईन व्हायचंय, पुण्यात रोज ऑफिसहून आल्यावर तास-दीड तास वॉटरकलर करतेस, आणि तिकडे राहून आलेला एक सहकारी सांगतो की हिवाळ्यात कामानंतर कुणाला कशातच रस उरत नाही. हे खरं का, आणि तयारी काय करू, असं विचारलं आहेस. वयाने बरीच लहान दिसतेस म्हणून एकेरीत लिहिते.

खरं आहे. व्हिसा, टॅक्स, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या, थर्मल कपडे हे सगळं सरकारी साइट्सवर आहे, तब्येतीचं 1177 या स्वीडनच्या आरोग्यसल्ल्याच्या फोन आणि वेबसाइटवर आहे. मी त्यात भर घालत नाही. मला तुला माझ्या तबल्याबद्दल सांगायचं आहे, कारण तुझा प्रश्न वाचल्यापासून तोच डोक्यात घोळतोय.

मी सांगलीची. शाळेत असल्यापासून तबला, गांधर्व मंडळाच्या परीक्षा देत देत विशारद झाले. पुण्यात नोकरी करतानाही रात्रीची जेवणं आटपली की बसायचे. मुलगा दुसरीत असताना आम्ही इथे आलो, आता त्याची शाळा संपत आली. मधल्या सगळ्या वर्षांत नोव्हेंबर ते फेब्रुवारी तबल्यावरची गवसणी क्वचितच निघाली.

उजेडाच्या वेळा तू बघितल्या असशीलच. 21 डिसेंबरच्या सुमारास सूर्य पावणेनऊला उगवतो आणि तीन वाजायच्या आत मावळतो. पण डिसेंबर तसा निभतो. ॲडव्हेंट, म्हणजे ख्रिसमसच्या आधीचे चार आठवडे, सुरू झाला की जवळजवळ प्रत्येक खिडकीत कागदाची चांदणी नाहीतर सात दिव्यांची विजेची कमान लागते, 13 तारखेला लुसिया हा दिव्यांचा सण असतो, ऑफिसात केशराचे बन येतात. अवघड असतो तो नोव्हेंबर. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि सोमवारी चार-सव्वाचारलाच दिवस बुडतो. बर्फ अजून पडलेला नसतो, त्यामुळे जमिनीवरून परतणारा उजेडही नाही. ओला डांबरी रस्ता, ओली उघडी झाडं, आणि दिवसचे दिवस एकसारखं आभाळ. दुसरा वाईट काळ जानेवारीच्या मध्यापासून, कारण 13 जानेवारीच्या आसपास लोक ख्रिसमसची आरास उतरवतात आणि खिडक्या पुन्हा काळ्या दिसायला लागतात. तू नेमकी नोव्हेंबरात येते आहेस म्हणून हे एवढं लिहिलं.

त्या दिवसांत जे होतं त्याला दमणूक म्हणता येत नाही. काम पुण्यापेक्षा कमीच असतं, पाचला ऑफिस रिकामं होतं, साडेपाच-सहाला माणूस घरी. वेळ हातात असतो. पण ताट समोर वाढलेलं आहे आणि भूकच नाही, तसं होतं. तबला-डग्गा मांडलेला असतो, हाताला पावडर लावलेली असते, आणि पहिला ‘धा’ वाजवावासा वाटत नाही. आई फोनवर म्हणायची, एवढा वेळ मिळतो तरी बसत नाहीस? मला उत्तर देता यायचं नाही. आपल्याकडे याला आळसच म्हणतात.

हा आळस नव्हे, हे मला एका माणसाबद्दल वाचून पटलं. नॉर्मन रोझेंथल हे मानसोपचारतज्ज्ञ मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. तिथलं ऊन सोडून ते न्यूयॉर्कला गेले, आणि हिवाळ्यात आपली उमेद खचते, वसंतात परत येते, हे त्यांना स्वतःतच दिसलं. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत असताना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 साली ऋतूबरोबर येणाऱ्या या नैराश्याचं रीतसर वर्णन केलं आणि प्रखर दिव्याचा उपचार करून पाहिला. शोधणारा माणूसच उन्हाच्या देशातून आलेला होता याचा मला फार आधार वाटला. झोप फार वाढली, कामावर जाणंही नकोसं झालं, मन सतत काळवंडलेलं राहिलं, तर छंदाचा विचार बाजूला ठेव आणि सरळ आरोग्यकेंद्रात जा. तिथे हे त्यांना नवीन नसतं.

माझ्या बाबतीत वाद्याचंही स्वतंत्र दुखणं होतं. हीटिंग सुरू झालं की घरातली हवा इतकी कोरडी होते की पुडी, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचं कातडं, ताणली जाते. काळी चारच्या सुराला लावलेला तबला दोन दिवसांत आपोआप वर चढतो. वादीखालचे लाकडी गठ्ठे वर ठोकून सूर उतरवायचा, तर पुढच्या पावसाळी आठवड्यात तो पार खाली. एका हिवाळ्यात शाईला, म्हणजे पुडीवरच्या काळ्या गोल लेपाला, केसाएवढ्या बारीक भेगा पडल्या. प्रकाशात तिरका धरला तरच दिसायच्या, पण नाद फुटका यायला लागला. सांगलीत असते तर मिरजेला जाऊन संध्याकाळपर्यंत नवी पुडी चढवून आणली असती. इथे तो तबला तसाच उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत थांबला. आणि डग्ग्याचा घुमारा खालच्या मजल्यावर जातो. जिन्यात आमच्या दाराजवळ एक चिठ्ठी लागली, अगदी सभ्य भाषेत, की संध्याकाळी ढोल वाजवू नये. इमारतीच्या नियमात शांततेची वेळ रात्री दहापासून होती, आणि मी सात वाजता वाजवत होते. भांडता आलं असतं. मी भांडले नाही, पण ‘ढोल’ हा शब्द अजून गिळता आलेला नाही.

पहिल्या वर्षी क्लास लावायचं ठरवलं तर कागदपत्रं आडवी आली. वर्षभर किंवा जास्त राहणाऱ्याला पर्सनल नंबर हा सरकारी ओळख क्रमांक मिळतो, त्यावर ओळखपत्र, त्यावर बँक, आणि बँकेकडून बँकआयडी ही ऑनलाइन ओळख. बँकआयडी नसेल तर बहुतेक ठिकाणी ऑनलाइन नोंदणीच पुढे सरकत नाही. माझं घोडं एका बँकेत अडलं. पासपोर्टवर माझ्या नावापुढे नवऱ्याचं नाव, मग आडनाव. तिथल्या बाईंना कळेना की हे पुरुषाचं नाव माझ्या नावात कशाला, एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर का नाही. दर वेळी नवा कागद मागायचे. तो हिवाळा त्यात गेला. तुझ्या पासपोर्टवर आणि ऑफर लेटरवर नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का, ते आजच बघ.

पुढचं तुझ्या प्रश्नात नाही, तुला मूलही नाही, तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही. इथल्या शाळेत मुलांना मातृभाषेचा तास मिळू शकतो. पण नगरपालिकेत त्या भाषेची किमान पाच मुलं हवीत आणि योग्य शिक्षक मिळायला हवा, नाहीतर त्यांच्यावर बंधन नाही. आमच्याकडे मराठीची पाच मुलं जमली नाहीत. नियम मला समजतो. पण शाळेतून फोन आला की हिंदी चालेल का, तुम्ही भारतीयच आहात ना. मुलाला हिंदी येत नव्हतं. घरात आम्ही मराठीच बोलतो, हे फॉर्मवर स्पष्ट लिहिलं होतं. मी नाही म्हटलं, आणि त्यानंतर शाळेने तो विषय कधीही काढला नाही. मग संध्याकाळी सहा ते सात मी त्याला घेऊन बसायला लागले. बाराखडी, बालभारतीची पुस्तकं, आजीला पत्र. आज तो अडखळत का होईना मराठी वाचतो, त्याचं समाधान मोठं आहे. पण तो तास माझ्या रियाझाचा होता, आणि अंधारात दिवसाला असा एकच तास वाट्याला येत होता. हे मी घरात कुणाला बोललेली नाही.

एकटं वाटतं का, असंही विचारलं आहेस. त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. मराठी मंडळ आहे, गणपती होतात, दिवाळीचा फराळ होतो, फोन आहे. सवय होते.

फक्त एक गोष्ट. तबला हे साथीचं वाद्य आहे. लेहरा, म्हणजे तबल्यासाठी पुन्हा पुन्हा वाजणारी धून, ॲपवर मिळतो आणि त्यावर तासन् तास वाजवता येतं, पण ॲप समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, तुमच्याकडे बघून मान हलवत नाही. सांगलीत सरांच्या क्लासमध्ये कोपऱ्यात कुणीतरी पेटी धरलेली असायची, दारात कुणाचे तरी वडील मुलाला न्यायला येऊन उभे असायचे. ते ऐकतायत म्हणून हात चालायचा. चित्राला दुसरं माणूस लागत नाही असं तू म्हणशील. मला नाही तसं वाटत. पुण्यात तू चित्र झाल्यावर कुणाला दाखवतेस, ते आठवून बघ. ते माणूस इथे नसणार आहे, आणि मला वाटतं अंधारापेक्षा त्यानेच जास्त फरक पडतो. अंधाराला दोष देणं सोपं असतं, कारण तो सगळ्यांना दिसतो.

म्हणून माझा सल्ला असा की संध्याकाळी घरी आल्यावर हुरूप येईल याची वाट बघायची नाही. तो येत नाही. काम दिवसाकडे सरकव. इथे लोक जेवणाच्या सुट्टीत चालायला जातात, थंडीतही. सुरुवातीला मला ते विचित्र वाटायचं. आता मीही जाते, आणि चालताना कायदे-पलटे, म्हणजे तबल्याच्या बोलांच्या रचना, तोंडाने म्हणते. अशी पढंत करायला वाद्य लागत नाही, शेजारी लागत नाहीत, आणि आभाळ कितीही भरलेलं असलं तरी बाहेरचा उजेड ऑफिसातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. तू खिशात मावेल अशी वही ठेव आणि त्या सुट्टीत दहा रेघा मार. सकाळी उठल्या उठल्या 10,000 लक्सच्या दिव्यासमोर अर्धा तास बसणं मला मानवलं. रात्री तो लावू नकोस, झोप जाते.

रंगकाम शनिवार-रविवारी दहा ते दोनमध्ये खिडकीशी. पिवळ्या बल्बखाली निळा आणि हिरवा नीट कळत नाही, हे तुला मी काय सांगणार. संध्याकाळी करायचंच असेल तर रंग खरे दाखवणारा पांढऱ्या उजेडाचा चांगला दिवा घे, स्वस्तातला नको. आणि हे कुणी आधी सांगत नाही: इथे फर्निचरशिवाय घर घेतलंस तर छताला बहुतेक दिवेच नसतात, नुसती हुकं आणि जोडण्या असतात. आधीचा भाडेकरू आपले दिवे काढून नेतो. नोव्हेंबरात चारला अंधार आणि घरात फक्त स्वयंपाकघराचा दिवा, असा माझा पहिला आठवडा गेला.

संध्याकाळ ठेवायची ती बाहेरच्या, माणसांबरोबरच्या गोष्टींसाठी. या देशात प्रौढांच्या हौशी शिक्षणाची परंपरा मोठी आहे. आबेएफ ही कामगारांच्या शिक्षणासाठी निघालेली संस्था 1912 पासून आहे, तशाच मेडबोरियारस्कूलान, फोल्कयुनिव्हर्सिटेट. चित्रकला, भाषा, समूहगान, सगळं शिकवतात. ‘क्रोकी’ नावाने मॉडेल बसवून झटपट रेखाटनं करायच्या संध्याकाळी असतात, त्यांत एरवी मितभाषी असणारी माणसंही एकमेकांच्या वह्या बघतात. मात्र बहुतेक कोर्स सत्राप्रमाणे चालतात, पहिलं सत्र सप्टेंबरात सुरू होतं आणि दुसरं जानेवारीत. नोव्हेंबरात येणाऱ्याला शरदाचं सत्र अर्धं झालेलं सापडतं. त्यामुळे आल्याबरोबर जानेवारीची जागा धरून ठेव, पैसे भरून टाक. पैसे भरलेले असले आणि कुणीतरी ‘मागच्या मंगळवारी दिसली नाहीस’ म्हणणारं असलं, की पाय निघतो. मी शेवटी तबला सोडून इथल्या एका हौशी समूहगानात गेले, मंगळवारी. माझा आवाज सामान्य आहे, पण कुणीतरी शेजारी उभं राहून त्याच तालात श्वास घेतं, आणि मला तेच हवं होतं.

तू चित्रकार आहेस म्हणून सांगते, स्टॉकहोममधल्या युर्गोर्डन बेटावरच्या थील्स्का गॅलरीत जा आणि यूजेन यानसन या चित्रकाराची चित्रं बघ. 1890 च्या दशकात या माणसाने शहरातल्याच सोडेरमाल्म भागाच्या उंच कड्यावरच्या घरातून दिसणारं खाडीकाठचं शहर संध्याकाळी आणि रात्री रंगवलं. निळ्यात निळा, आणि किनाऱ्यावर दिव्यांच्या थरथरत्या रेघा. लोक त्याला निळा चित्रकार म्हणायचे. ती चित्रं बघून मी बाहेर आले तेव्हा साडेतीन वाजले होते आणि समोर तोच निळा होता. तबल्याला असं काही सापडलेलं नाही. तुला सापडू शकेल.

मागच्या सुट्टीत सांगलीला सरांनी एका मुलीच्या ख्यालाला साथ करायला बसवलं. संथ लयीचं विलंबित निभावलं. जलद लयीचं द्रुत सुरू झाल्यावर हात मागे पडायला लागला आणि त्या पोरीने माझ्यासाठी लय उतरवली. सर म्हणाले, हात मरत नाही गं, बसायला लाग. आता शनिवारी सकाळी आमचा ऑनलाइन तास असतो. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो, त्यामुळे माझी संध्याकाळ मोकळी होते तेव्हा त्यांची झोपायची वेळ झालेली असते. मार्चमध्ये उजेड आला की बोटं आपणहून चुळबुळ करायला लागतात, मी गवसणी काढते, आणि तेव्हा मला आनंद जास्त होतो की गेलेल्या महिन्यांचा राग जास्त येतो, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

कंपनीला एकदा विचारून बघ, जॉइनिंग जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चालेल का. इथे ख्रिसमस जवळ आला की नव्या माणसाला तसंही फारसं काम लागत नाही, निम्मं ऑफिस सुट्टीच्या तयारीत असतं. जानेवारीत आलीस तर थंडी जास्त लागेल, पण दिवस रोज थोडा थोडा मोठा होत असेल आणि कोर्सही नुकते सुरू होत असतील. नाहीच म्हणाले तर ब्रश आणि रंग केबिन बॅगेत घाल, कारण मागून पाठवलेलं सामान कधी पोचेल याचा भरवसा नसतो.