अप म्हणजे दरवेळी 'वर' नाही भाऊ, आधी आपलं 'टाक' बघा

तुम्ही विचारलंय की गिव्ह अप, ड्रिंक अप, शो अप, टाइम इज अप, या चारहींत वर जाण्यासारखं काहीच नाही मग तिथे अप कशाला, आणि इंग्रजीच्या गाइडमधली अशा अपवाल्या क्रियापदांची ती लांबलचक यादी परीक्षेआधी पाठ कशी करायची. मी नागपुरात बावीस वर्षं पोरांना इंग्रजी शिकवतोय, माझं सांगणं एकच, यादी पाठ करू नका. हे सगळं तुम्ही मराठीत रोज बोलता, फक्त लक्ष गेलेलं नाही.

आई म्हणते "दूध पिऊन टाक". आता टाकणे म्हणजे फेकणे, पण दूध कोणी फेकतं का? नाही ना. तिथे 'टाक'चा मूळ अर्थ गेला आणि 'पूर्ण कर, मागे ठेवू नको' एवढाच उरला. ड्रिंक अप म्हणजे डिट्टो हेच. ईट अप म्हणजे खाऊन टाक, टेअर अप म्हणजे फाडून टाक, यूझ अप म्हणजे वापरून टाक, आणि मे महिन्यात आपल्याकडे विहीर आटून जाते ना, ते ड्राय अप. विहीर कुठे 'जात' नाही, पण आटून 'जाते' म्हणतो. आणि आपण नागपूरवाले तर "मी जाऊन राहिलो" म्हणतो, जाणंही आणि राहणंही एकाच दमात, बाहेरचा माणूस ऐकून थांबतो पण आपल्याला कधी अडलं का? कारण तिथे राहणे म्हणजे मुक्काम नाही, काम सुरू आहे एवढंच. इंग्रजी हे काम अप, आउट, ऑफ अशा छोट्या शब्दांकडून करून घेते, मराठी टाक, घे, दे, जा, बस यांच्याकडून. टाइम इज अप पण यातलाच, वेळ भरली, संपली.

दुसरा अर्थ आहे जवळ येण्याचा. ही केम अप टू मी म्हणजे तो माझ्याजवळ आला, जिना चढून नाही. इथे मला फार आवडणारी गोष्ट सांगतो, इंग्रजीतलं अप आणि संस्कृतातलं उप ही एकाच मुळाची भावंडं आहेत. उप म्हणजे जवळ, म्हणून उपनगर, म्हणून उपस्थित. शो अप म्हणजे उपस्थित होणे, लक्षात ठेवायला यापेक्षा सोपं काय पाहिजे! आपलं 'वर' हे उपरि पासून आलंय आणि उपरिचं इंग्रजी भावंड म्हणजे ओव्हर. पण अपमान, अपयश मधल्या अपशी याची गल्लत करू नका, लिहायला सारखं दिसलं तरी त्या अपचं इंग्रजीतलं नातं ऑफशी आहे.

मग आहे मोठ्या जागेकडे जाण्याचा अप. माझे बाबा रेल्वेत होते, आम्ही अजनीच्या क्वार्टरमध्ये राहायचो, तिथे लहानपणी पहिल्यांदा अप-डाऊन ऐकलं. मध्य रेल्वेत मुंबईकडे जाणारी गाडी अप. आता नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंच आणि मुंबई समुद्राला लागून, म्हणजे इगतपुरीपर्यंत गाडी चढली तरी शेवटी कसारा घाट उतरून खालीच जाते, तरी ती अप. मी बाबांना विचारलं तर म्हणाले, "मोठं ऑफिस तिकडे आहे म्हणून". इंग्लंडात लंडनकडे जाणारी गाडी अप, ऑक्सफर्डला शिकायला जाणं पण गोइंग अप, मग गाव नकाशात कुठेही असो. आणि आपण? आपण पण साहेबांकडे कागद 'वर' पाठवतो, साहेब शेजारच्या खोलीत बसलेले असले तरी.

काही ठिकाणी जुनी वस्तू डोळ्यांपुढे आणली की काम होतं. हँग अप म्हणजे फोन ठेवणे, कारण जुन्या भिंतीवरच्या फोनचा रिसीव्हर हुकाला वर अडकवला की कॉल बंद व्हायचा. मराठीत आपण फोन 'ठेवला' म्हणतो, तो आता खिशात असला तरी.

भाव वाढणे, आवाज वाढणे, पोरगं मोठं होणे, हे अप सरळ आहेत, त्यात वेळ घालवू नका.

परीक्षेत मार्क जातात ते खरं म्हणजे अर्थात नाही, शब्दाच्या जागेत जातात. इट, देम, हिम असले शब्द मध्ये येतात, गिव्ह इट अप बरोबर, गिव्ह अप इट चूक. पण पुट अप विथ, म्हणजे सहन करणे, यासारखं तीन शब्दांचं असेल तर ते सहसा तुटत नाही, पुट अप विथ इट असंच. आणि बॅकअप, सेटअप हे नाम असेल तर एक शब्द, क्रियापद असेल तर दोन, यावर पोट्टे दरवर्षी फसतात.

तर आजपासून असं करा, प्रत्येक अपसमोर अर्थ लिहू नका, घरात बोलतो तसं एक पूर्ण मराठी वाक्य लिहा. तुमच्याच गिव्ह अपपासून सुरू करा. "त्याने सिगरेट सोडून दिली." बघा, इंग्रजीत गिव्ह आहे आणि मराठीतही 'दिली' आहे. कोणाला दिली? कोणालाच नाही.