‘जनुकीय’ की ‘अनुवांशिक’?

प्रश्न असा आला आहे: ‘परिघीय चेतातंतूंवर मायलिनचे वेष्टन चढवणाऱ्या पेशींच्या विकासाचे अनुवांशिक नियंत्रण’ या अनुवादाच्या मथळ्यात ‘अनुवांशिक’ योग्य की ‘जनुकीय’? (परिघीय म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूबाहेरचे; मायलिन म्हणजे चेतातंतूंभोवतीचं मेदयुक्त आवरण.)

आधी शुद्धलेखन उरकू. ‘अनुवांशिक’ हे रूप कितीही रुळलं असलं तरी चुकीचं आहे. ‘इक’ लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते: सप्ताह-साप्ताहिक, समाज-सामाजिक. तसंच अनुवंश-आनुवंशिक. मधल्या ‘वं’ला काना देण्याचं कारणच नाही.

पण या मथळ्यात शुद्ध केलेला ‘आनुवंशिक’सुद्धा बसत नाही. आनुवंशिक म्हणजे आईवडिलांकडून मुलांकडे येणारं. इथे विषय वेगळा आहे. या पेशी गर्भात घडतात त्या सॉक्स१० या जनुकाच्या जोरावर; ते नसेल तर त्या तयारच होत नाहीत. पुढे चेतातंतूकडून न्यूरेग्युलिन या प्रथिनाचा संकेत येतो. तो पुरेसा असेल तरच पेशी वेष्टन चढवायला घेते. मग क्रॉक्स२० हे जनुक जागं होतं आणि मायलिनची प्रथिनं बनवणारी जनुकं कामाला लावतं. उंदरांमध्ये हे जनुक निकामी केलं तेव्हा पेशीने चेतातंतूभोवती जेमतेम दीड वेढा घातला आणि ती तिथेच अडली. क्रॉक्स२० शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं. प्रश्न ते कुठे आणि केव्हा चालू होतं एवढाच. इतकंच काय, प्रौढ माणसाचा चेतातंतू तुटला तर याच पेशी मायलिनची जनुकं मिटवून दुरुस्तीची जनुकं उघडतात. यात पिढी बदलण्याचा संबंध येतोच कुठे? म्हणून ‘जनुकीय नियंत्रण’.

‘जनुकांचे नियंत्रण’ का नको, असंही कुणी विचारेल. मराठीत ही षष्ठी दोन्हीकडे झुकते: जनुकांनी केलेलं नियंत्रण आणि जनुकांवर ठेवलेलं नियंत्रण. क्रॉक्स२० तर दोन्ही बाजूंना आहे, ते स्वतः नियंत्रित होतं आणि इतरांवर हुकूमही चालवतं. मथळ्यात एवढा गुंता कशाला!

‘आनुवंशिक’ला न्याय मिळतो तो शार्को-मारी-टूथ या परिघीय चेतातंतूंच्या आजारात. त्याच्या सर्वाधिक आढळणाऱ्या १ए प्रकारात १७व्या गुणसूत्राचा एक तुकडा दुबार होतो आणि त्यावरच्या पीएमपी२२ जनुकाच्या दोनऐवजी तीन प्रती होतात. बाधित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के. हा सरळ आनुवंशिक आजार. मात्र कधी कधी आईवडील निर्दोष असतात आणि तुकडा नव्यानेच दुबार झालेला असतो. अशा मुलाबद्दल ‘आनुवंशिक आजार झाला’ असं लिहिलं की घरचे एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. तिथे मी ‘जनुकीय बिघाड’ म्हणेन, आणि तो पुढच्या पिढीत जाऊ शकतो हे वेगळ्या वाक्यात सांगेन.

जाता जाता: अनुवादात पुढे ‘श्वान पेशी’ येणारच, कारण याच त्या पेशी. पहिल्या उल्लेखात ‘थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या’ एवढं जोडा. नाहीतर मराठी वाचक कुत्र्याच्या पेशी समजून पुढचा परिच्छेद वाचेल.